१:१२ मधली चाळीतली खोली: मिनिएचरला सुरुवात कुठून करायची

मिनिएचर म्हणजे खऱ्या वस्तूंच्या छोट्या प्रतिकृती, आणि त्यातलं डॉलहाऊस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकदम तीन मजली बंगला येतो, उतरतं छप्पर, गोल जिना, खोलीखोलीत झुंबर, आणि सुरुवातही सगळ्यांना तिथूनच करायची असते. करू नका. पहिलं काम म्हणजे एकच खोली, तीन भिंती, एक जमीन, समोरची बाजू उघडी. ह्याला रूम बॉक्स म्हणतात आणि ही काही नवशिक्यांसाठीची तडजोड नाहीये, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न मिनिएचर रूम्स म्हणून ६८ खोल्या ठेवल्यात, १९३२ ते १९४० ह्या काळात केलेल्या, त्या सगळ्या अशाच सुट्या सुट्या खोल्या आहेत, आख्खं घर एकही नाही.

किटचं काय, हा पहिला प्रश्न असतो. ऑनलाइन रोलाइफ वगैरेची किट मिळतात, फुलांचं दुकान, लायब्ररी, कॅफे असल्या थीमची, साधारण १:२४ च्या आसपासची, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी. वाईट नाहीत अजिबात. चिमटा कसा धरायचा, गोंद किती कमी लागतो, बसून राहायला जमतंय का, हे एका किटमध्ये कळतं. पण त्यात मोजमाप दुसऱ्याने करून ठेवलेलं असतं, त्यामुळे किट संपल्यावर हातात एक छान वस्तू राहते पण पुढची वस्तू आपली आपण कशी करायची ते काही समजत नाही. शिवाय तो कॅफे आपण कधी बघितलेला नसतो, त्यामुळे त्यात काय चुकलंय हेही दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की हवं तर एक किट करा आणि मग लगेच स्वतःच्या मापाची खोली घ्या, तीही अशी की जी तुम्हाला पाठ आहे. आजोळचं माजघर, कोकणातली पडवी, हॉस्टेलची खोली, काहीही. इथे मी चाळीतली खोली धरून सांगतो कारण ती चौकोनी आहे, लहान आहे, आणि तिच्यात सामान खच्चून भरलेलं असतं, जे मिनिएचरला फार सोयीचं पडतं.

आधी बारा, मग बाकी सगळं

१:१२ म्हणजे खऱ्यातला १ फूट इथे १ इंच. जगात डॉलहाऊसचं हेच सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण. विंडसर कॅसलमध्ये क्वीन मेरीचं डॉलहाऊस आहे ना, १९२१ ते १९२४ मध्ये केलेलं, ते ह्याच प्रमाणात, आणि ते डिझाइन केलं एडविन लुट्येन्सने, म्हणजे ज्याने नवी दिल्लीची आखणी केली त्यानेच. त्यात दिवे लागतात, नळाला पाणी येतं. आपल्याला तेवढं करायचं नाहीये, पण बाराचा आकडा मात्र तोच ठेवायचा. बाकी १:२४ मध्ये वस्तू निम्म्या होतात आणि जागा कमी लागते, १:४८ आणि १:१४४ नजर शाबूत असणाऱ्यांसाठी, मॉडेल रेल्वेवाले १:८७ वापरतात ज्याला एचओ म्हणतात (पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे तिथे ते बघायला मिळतं), आणि बार्बी साधारण १:६ ची. त्यामुळे बार्बीची खुर्ची १:१२ च्या खोलीत ठेवली की खोली मेलीच म्हणून समजा.

हिशोब दोन पद्धतीने करता येतो. खरी वस्तू फुटात मोजली तर तोच आकडा इंचात घ्या. सेंटीमीटरमध्ये मोजली तर १२ ने भागा. बस एवढंच गणित आहे. ७ फुटी दरवाजा ७ इंच, म्हणजे पावणेअठरा सेंमी. जेवायच्या टेबलाची उंची ३० इंच असते ती अडीच इंच. खुर्चीची बैठक १८ इंचावर, ती दीड इंचावर. घरगुती गॅसचा सिलिंडर साधारण ६२ सेंमी उंच, ३२ सेंमी रुंद, म्हणजे इथे ५ सेंमीच्या थोडा वर आणि रुंदीला पावणेतीन सेंमीच्या आत. पहिल्या आठवड्यात काही बनवूच नका खरं तर, मोजपट्टी घेऊन घरभर फिरा, ओटा किती उंच, बादली केवढी, स्विचबोर्ड जमिनीपासून किती वर, सगळं वहीत लिहा. घरचे हसतील, हसू देत.

एक सोपी चाचणी खिशातच असते. १ रुपयाचं नाणं २० ते २२ मिमी असतं, म्हणजे बाराच्या हिशोबात साधारण २५ सेंमीचं जेवायचं ताट. १० रुपयांचं दुरंगी नाणं २७ मिमी, म्हणजे कणीक मळायची बेताची परात. कुठलीही वस्तू विकत घेताना शेजारी नाणं धरा आणि विचारा की ताटाच्या मानाने ही केवढी दिसतेय.

ह्याच चाचणीत भातुकली नापास होते, आणि हे आधीच सांगितलेलं बरं कारण प्रत्येकजण तुळशीबागेत जाऊन पितळी भातुकलीचा आख्खा सेट घेऊन येतो. भातुकली मुलांच्या हातात मावायला केलेली असते. २ इंची पातेलं १:१२ मध्ये २ फुटी होतं, म्हणजे लग्नाच्या पंगतीचं. सुंदर असतात ती भांडी, पण एकतर पंगतीचा सीन करा नाहीतर ती वेगळ्या कपाटात ठेवा. त्यातले अगदी नखाएवढे तांबे किंवा देवघरातली सगळ्यात छोटी, इंचभराची समई मात्र चालते, कारण १ फुटाची समई घरोघरी असतेच.

खोलीची मापं

मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी, तिथली खोली १६० चौरस फुटांची. आपण ती १० बाय १६ धरू, म्हणजे मॉडेल झालं १० बाय १६ इंच, सेंटीमीटरमध्ये २५ आणि साडेचाळीस. उंची ११ फूट धरली तर २८ सेंमी. हे मॉडेल टीव्हीच्या कपाटावर आरामात बसतं. लांब बाजू उघडी ठेवा, म्हणजे खोली १० इंच खोल राहील आणि मागच्या कोपऱ्यापर्यंत हात जाईल. १६ इंच खोल केली तर मागे काय ठेवलंय ते दिसतच नाही आणि चिमटाही पोचत नाही.

आता कागदावर प्लॅन काढा, मॉडेलच्याच मापात, म्हणजे १:१२ मध्येच. डाव्या भिंतीत दुपाखी लाकडी दरवाजा जो गॅलरीत उघडतो, त्याच्या वर झडपा. उजव्या भिंतीत गजांची खिडकी. मागच्या उजव्या कोपऱ्यात मोरी, ३ बाय ३ इंच, पाऊण इंच उंचीचा कठडा. मोरीला लागून कडप्प्याचा ओटा. मागच्या भिंतीला ७ इंचावर पोटमाळा, साधारण ३ इंच रुंद. पोटमाळा विसरू नका, चाळीची खोली त्याच्याशिवाय ओळखूच येत नाही, आणि आपला फायदा असा की ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, गणपतीच्या डेकोरेशनचं खोकं असं सगळं वर टाकता येतं आणि उंची भरून निघते. प्लॅनवर कॉट, मांडणी, पिंप ह्यांचे कागदी तुकडे कापून फिरवून बघा. हे काम अर्धा तासाचं आहे आणि नंतरचे बरेच ताप वाचवतं.

सामान, आणि कशावर पैसे घालवायचे

पैसे घालवायचे ते कापण्याच्या वस्तूंवर. चांगला ९ मिमी कटर, त्याची जास्तीची पाती, स्टीलची पट्टी (प्लास्टिकची पट्टी कटरने सोलली जाते आणि मग रेघ कायमची वाकडी), ए३ कटिंग मॅट, गुण्या (काटकोन तपासायला), बारीक टोकाचा चिमटा. पातं बोथट झालं की मोडून टाकायचं, जीव अडकवायचा नाही त्यात, बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते सटकून बोटावर येतं. एका दमात कापायचं नाही, हलक्या हाताने तीनचार वेळा त्याच रेघेवरून जायचं.

भिंतींसाठी ५ मिमी सनबोर्ड किंवा फोमबोर्ड, स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळतो, पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला चक्कर टाका. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, पाण्याने फुगत नाही, रंगाने वाकत नाही, नवशिक्याला हाच बरा. फक्त तो लेझर कटिंगला देऊ नका, पीव्हीसी लेझरने जळलं की क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो, समजदार दुकानदार स्वतःच नाही म्हणतो. फोमबोर्ड हलका आणि कापायला मऊ, पण कागदाची बाजू ओली झाली की बोर्ड वाकतो, म्हणून एका बाजूला रंग दिला की दुसऱ्या बाजूलाही एक हात मारायचाच, दिसणार नसली तरी. पुठ्ठ्यालाही हाच नियम.

गोंद तीन लागतात. फेविकॉल लाकूड आणि कागदाला, वेळ लागतो पण सगळ्यात भरवशाचा, आणि सनबोर्ड घेतलात तर जोडायच्या कडा आधी काचपेपरने खरवडा नाहीतर पकड येत नाही. फेविक्विक धातू आणि मण्यांना, थेंबही जास्त होतो, तो टाचणीच्या टोकाने लावायचा, आणि पारदर्शक प्लास्टिकजवळ नेऊ नका, त्याच्या वाफेने पांढरा धुरकट डाग पडतो, खिडकीची काच गेली समजा. कापसालाही लावू नका, चांगलाच तापतो. आणि फेविबॉण्डसारखा गोंद थर्माकोल आणि फोमबोर्डाच्या आतला फोम खातो, ह्याची आधी एका कपच्यावर परीक्षा घ्या.

बाकीचं सामान घरातच असतं. आइस्क्रीमच्या काड्या, उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या, बांबूच्या शिगा, टिच बटणं, टिकल्या, औषधांच्या बाटल्यांची झाकणं, रांगोळी, गेरू, वाळवलेली चहाची पत्ती. एक डबा करा आणि टाकत जा. दोन महिन्यांनी घरातलं कुणीतरी तो डबा कचऱ्यात टाकायला निघतं, तेव्हा वर मोठ्ठ्या अक्षरात नाव लिहून ठेवा.

आता बांधायला घ्या, पण जोडू नका

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. भिंती कापा, दरवाजा-खिडकीची भोकं पाडा, चिकटपट्टीने तात्पुरत्या उभ्या करून सगळं बसतंय का बघा, मग परत सोडवा. वायरिंगची भोकं आत्ताच पाडा. भिंती आडव्या टेबलावर ठेवून रंगवा, जमीन आडवी असतानाच करा, दारं-खिडक्या बसवा, आणि मग शेवटी जोडा. उभ्या खोलीत हात घालून रंगवणं म्हणजे कोपर मागच्या भिंतीला आणि ब्रश पुढच्या भिंतीला.

भिंतीचा पोत: पांढऱ्या अॅक्रिलिक रंगात चिमूट चिमूट रांगोळी घालून दाटसर करा आणि स्पंजने थापा, जुन्या गिलाव्यासारखं दिसतं. रांगोळी बारीक चाळून घ्या, नाहीतर एकेक कण बाराने गुणून खडी वाटेल. वाळल्यावर हलका काचपेपर. मग रंग. चाळीत बऱ्याचदा खाली ऑइल पेंटचा पट्टा असतो, पोपटी किंवा आकाशी, ४ फुटांपर्यंत, आणि वर फिका डिस्टेंपर. म्हणजे ४ इंचावर आडवी रेघ मारा, खालचा भाग रंगवून त्यावर थोडं ग्लॉस वार्निश, वरचा भाग मॅट. रंग बाटलीतून काढला तसा लावायचा नाही, लहान वस्तूवर तो फार भडक दिसतो, थोडा पांढरा आणि किंचित राखाडी मिसळून मारून घ्यायचा. नंतर मोरीजवळ ओल, ओट्याच्या वर काजळी, स्विचबोर्डभोवती हातांचे डाग. काजळीला पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळा, ओलीला पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग वरून ओघळू द्या. इथे हात आखडता घ्या मात्र. एका भिंतीला एकच मोठा डाग पुरे, सगळीकडे केलं की चाळ न वाटता भूतबंगला वाटतो.

जमिनीला शहाबादी फरशी करायची तर पातळ पुठ्ठ्याचे २ इंची चौकोन कापा, कडा काचपेपरने किंचित मारा, राखाडी रंगवा, आणि जुन्या टूथब्रशने गडद रंगाचे शिंतोडे उडवा, आधी कागदावर उडवून बघा. फटीत राखाडी रंग आणि रांगोळीचं मिश्रण भरून वरचं लगेच पुसा. नक्षीच्या सिमेंट टाइल हव्या असतील तर त्या ८ इंची असतात, म्हणजे इथे १७ मिमी, जुन्या घरात फोटो काढा, कॉम्प्युटरवर त्या मापाचा करून मॅट कागदावर प्रिंट मारा आणि वर वार्निशचे दोन हात. मोरीला बारीक उतार द्या, भोक पाडा, आणि तिथे वॉर्निश जास्त द्या म्हणजे कायम ओली दिसते.

लाकडाचं काम आइस्क्रीमच्या काडीत होतं. काडी साधारण १ सेंमी रुंद आणि २ मिमी जाड, म्हणजे खऱ्यातली पावणेपाच इंच रुंद, इंचभर जाडीची फळी, दरवाज्याला एकदम योग्य. गोल टोकं कापून टाका, ती राहिली की बघणाऱ्याला पहिल्यांदा आइस्क्रीमच आठवतं. रंग ह्या क्रमाने: आधी कडक कोऱ्या चहाचा हात, वाळू द्या, मग व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवलेल्या लोखंडी खिळ्यांचं पाणी. चहातल्या टॅनिनशी लोखंडाची क्रिया होऊन लाकूड काळपट-राखाडी पडतं, पन्नास वर्षं वापरल्याचा रंग येतो आणि तो वरवरचा नसतो. स्टेनलेस स्टीलचे खिळे चालत नाहीत, साधे गंजके हवेत. आणि हे सगळं चिकटवायच्या आधी, कारण जिथे फेविकॉल सांडलाय तिथे रंग शिरतच नाही, पांढरा ठिपका राहतो.

खिडकीच्या गजांना उदबत्तीची काडी घ्या, दीडेक मिमी जाड असते, म्हणजे खऱ्यातला पाऊण इंचाच्या आतला गज, जवळपास बरोब्बर. काळा रंग, त्यावर कुठेकुठे गेरूचा हात, झाला गंज.

सामान भरणं, म्हणजे खरी मजा

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची, जाडीसुद्धा बाराने गुणली जाते. साधा झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी, म्हणजे इथला वर्तमानपत्राचा कागद सव्वा मिमीचा पुठ्ठा झाला. म्हणून पेपर पतंगाच्या कागदावर करायचा, घडी उलगडलेल्या एका पानाचं माप साधारण पावणेतीन बाय साडेचार सेंमी. कापडाचं तर विचारूच नका, जाड सुती कापडाची चादर केली की ती गोधडी दिसते. मलमल किंवा वॉइल घ्या, जुन्या ओढणीचं सगळ्यात उत्तम. आणि छपाई बारीक हवी, मोठी फुलं असली की एक फूल बशीएवढं होतं.

कापड लहान झालं की हलकं होतं, त्यामुळे ते नीट खाली पडत नाही, ताठ उभं राहतं, पडदा फुगतो, दोरीवरची साडी पंख पसरते. उपाय असा की फेविकॉलमध्ये दुप्पट पाणी घालून कापड त्यात बुडवायचं, दोरीवर टाकायचं, चिमट्याने चुण्या पाडायच्या आणि टाचण्या लावून वाळवायचं. नऊवारी १:१२ मध्ये साधारण ६८ सेंमी लांब आणि साडेनऊ सेंमी रुंद होते, आख्खी करून घडी घालायची हौस असेल तर करा, पण वाळत घातलेली साडी पाव लांबीचीच पुरते, बाकी कुणाला दिसत नाही. काठाला सोनेरी रेघ जेल पेनने.

भांडी. चाळीच्या खोलीत मांडणी म्हणजे मानाची जागा, तिच्यावर वेळ घालवा. मांडणीचा सांगाडा २ मिमी अॅल्युमिनियमच्या तारेचा किंवा पातळ पुठ्ठ्याला चांदीचा रंग. ताटं कोल्ड्रिंकच्या कॅनमधून कापायची, कात्री जुनी वापरा आणि हातमोजे घाला, कडा बोट कापते. गोल कापून रबरी मॅटवर ठेवून बॉलपेनच्या मागच्या टोकाने गोल गोल दाबलं की काठ उठतो. चपट्या मोठ्या टिकल्या बश्या होतात, दागिन्यांच्या दुकानातल्या मण्यांच्या चंदेरी टोप्या वाट्या होतात, बुटाच्या भोकात घालतात ती आयलेट्स म्हणजे पेले. टिच बटणाचा एक भाग डब्याचं झाकण, वर कडीसकट. टूथपेस्टचं झाकण बादली, त्याला तारेची कडी. पिंपाला टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी कापा, व्यास ४ सेंमीच्या आसपास असतो, म्हणजे पाऊण मीटर उंचीसाठी ६ सेंमी ठेवा, मध्ये दोन ठिकाणी जाड दोरा गुंडाळून उठाव करा आणि निळा रंग.

पदार्थांसाठी एअर ड्राय क्ले (हवेवर वाळणारी माती) पुरतो. पोळ्या पातळ लाटून, एका बाजूने तपकिरी कोरड्या ब्रशने टिपके. साबुदाण्याचे लाडू छान होतात, म्हणजे कच्च्या साबुदाण्याला पिवळट रंग देऊन, दाणा ३ मिमी म्हणजे साडेतीन सेंमीचा लाडू. मोहरीचे आवळे. पण धान्य काही वापरलं की वरून वार्निश मारायचंच, नाहीतर सहा महिन्यांनी खोलीत खरे भाडेकरू राहायला येतात. पॉलिमर क्ले टिकायला भारी, पण तो साधारण १३० अंशाला भाजावा लागतो आणि त्यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन न वापरणं बरं.

कॉट २ मिमी तारेची, जी खऱ्यातली इंचभर पाइप होते, ६ बाय ३ इंच. गादीत कापूस कमी भरा आणि मध्ये दाबून ठेवा, बसून बसून खड्डा पडलेला दिसला पाहिजे. भिंतीवर कालनिर्णय पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं, एक फ्रेम थोडी वाकडी, दाराला तोरण, दाराबाहेर चपला. चपलांचे जोड समोरासमोर नीट लावू नका, एक उलटी टाका. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली म्हणून बाई होत्या, १९४० च्या दशकात त्यांनी १:१२ मध्ये गुन्ह्याच्या जागा बनवल्या, पोलिसांना तपास शिकवण्यासाठी, त्यातल्या १८ बाल्टिमोरला मेडिकल एग्झॅमिनरच्या ऑफिसात आहेत. तिथे मोजे टाचण्यांनी विणलेत म्हणतात, पण आपण शिकायचं ते वेगळंच, की कोण राहतं ते सामानावरून कळलं पाहिजे. आपल्या खोलीत कुणी मेलेलं नको, पण अर्धवट सोललेला लसूण, उघडं ठेवलेलं वर्तमानपत्र, चष्मा, शिलाई मशीनवर अर्धं झालेलं झबलं, एवढं तरी हवं. बाहुल्या ठेवायच्या का? माझं मत विचाराल तर नको. बाहुली आली की नजर तिच्या चेहऱ्यावर जाते आणि चेहरे शंभरात नव्वद वेळा फसतात.

दिवे

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, ३ मिमीचे वॉर्म व्हाइट एलईडी मागा. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. जुन्या मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर चालवायचा तर प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग), १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर १ किलोओहम, रेझिस्टरशिवाय जोडला की एक झगझगाट आणि संपलं. २३० व्होल्टची वायर मॉडेलच्या आत आणायचीच नाही, कसलीही नाही. सोल्डरिंग येत नसेल तर बॅटरीवरची फेअरी लाइटची माळ घ्या, जास्तीचे बल्ब भिंतीमागे काळ्या चिकटपट्टीखाली दडपा. सीआर२०३२ नाण्याएवढा सेल सोपा पडतो, एक एलईडी त्यावर थेट चालतो, पण घरात लहान मूल असेल तर तो वापरू नका, गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. सेलचा कप्पा स्क्रूचा असेल तरच.

चाळीत प्रकाश एका ट्यूबलाइटचा असतो आणि एक पिवळा बल्ब मोरीत. ट्यूब ४ फुटी, म्हणजे ४ इंच, जाड पारदर्शक स्ट्रॉ बटर पेपरमध्ये गुंडाळून आत दोन कूल व्हाइट एलईडी दोन्ही टोकांना समोरासमोर. देव्हाऱ्यात एक लाल, त्याला रेझिस्टर जरा मोठा लावा म्हणजे मंद राहतो. चारी कोपरे उजळवून टाकू नका, पोटमाळ्याखाली अंधार असायलाच हवा.

ठेवायचं कुठे

उघडं ठेवलं तर धूळ बसते आणि धूळ मात्र बाराने भागली जात नाही, एकेक कण भिंतीवर दगड दिसतो. मोठा मऊ मेकअप ब्रश आणि हवेचा रबरी फुगा ह्यानेच साफ करायचं, ओलं फडकं नाही. समोर २ मिमी अॅक्रिलिकची शीट खाचेत सरकवून बसवा म्हणजे काढता येते. उन्हात ठेवू नका, प्रिंट केलेल्या टाइल आणि कॅलेंडर आधी उडतात. पावसाळ्यात मागच्या भिंतीला पोटमाळ्यावर सिलिका जेलच्या दोनचार पुड्या ट्रंकांमागे लपवून ठेवा, बुटाच्या खोक्यातल्या चालतात, मध्येमध्ये बदला. आणि खोली भिंतीला अगदी चिकटवून ठेवायची नाही, मागे दोन बोटं जागा सोडा, वायर बाहेर काढायलाही लागते आणि वारं खेळलं की फेविकॉललाही बुरशी येत नाही.